न पडलेला पूल

फोन आला तेव्हा डॉक्टरांचा हात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या तोंडात होता. मदतनीस बाईंनी मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. पलीकडचा आवाज घाईत होता आणि डॉक्टर नेहमीसारखे नुसतं हूं हूं करत ऐकत होते. संध्याकाळी महापौरांचा निरोपाचा सत्कार होता, मुख्य भाषण करणारे पाहुणे सकाळीच आजारी पडले होते, आणि आता ऐनवेळी कुणाला धरावं या विवंचनेत सत्कार समितीचे चिटणीस होते. "महापौरांनी स्वतःच तुमचं नाव सुचवलं," चिटणीस म्हणाले. "म्हणाल्या, डॉक्टरांना विचारा. बोलायचं तर त्यांनीच बोलावं." डॉक्टरांचं पुढचं हूं घशातच राहिलं. हातातलं यंत्र दाढेपासून केसभर अंतरावर तसंच गुणगुणत राहिलं. ते थांबवायचं तर पायाखालची कळ सोडायची असते, एवढी साधी गोष्ट त्यांना काही केल्या सुचेना. खुर्चीतल्या बाईंनी भेदरून डोळे वर केले. मग डॉक्टरांनी पाय उचलला. यंत्र थांबलं, आणि दवाखान्यात एकदम इतकं शांत झालं की लाळ ओढणाऱ्या नळीची सुरसुर सुद्धा मोठी वाटायला लागली.

"कळवतो," असं म्हणून त्यांनी मान बाजूला घेतली. बाईंनी चूळ भरली, रुमालाने ओठ टिपले आणि जणू फोन त्यांनाच आला होता अशा थाटात विचारलं, "जाणार ना?"

"बघू."

"बघू काय त्यात? इतकी वर्षं त्यांना बोल लावलेत, आज दोन शब्द बरे बोला. तेवढ्याने काही दात पडायचे नाहीत तुमचे."

मदतनीस बाई तोंड फिरवून हसल्या. डॉक्टरही हसले आणि त्यांनी हात पुन्हा त्या तोंडात घातला. महापौरांना सगळं शहर सिस्टर म्हणायचं. निवडून येण्याआधी त्या नगरपालिकेच्या इस्पितळात परिचारिका होत्या, आणि खुर्ची मिळाली म्हणून माणसांनी जुनी हाक बदलली नाही. समोरच्या बाकांवर विरोधी पक्षाचे नेते म्हणून डॉक्टर बसत. सभागृहात कुणी तिऱ्हाईत आला की पत्रकार त्याच्या कानात हमखास म्हणायचे, जगात सगळीकडे डॉक्टर सांगतात आणि सिस्टर ऐकतात, आमच्याकडे तेवढं उलट आहे. या विनोदावर सिस्टर दर वेळी हसायच्या आणि डॉक्टर दर वेळी चिडायचे. पुढे पुढे चिडायचं म्हणून चिडायचे. एकदा टेकडीवरच्या वस्तीचं पाणी कमी करून सिस्टरांनी ते खालच्या वस्तीला दिलं, सगळ्यांना सारखं. डॉक्टर राहायचे टेकडीवर. त्यांनी रिकाम्या बादल्या घेऊन नगरपालिकेवर मोर्चा नेला. घोषणा देऊन देऊन घसे बसले तेव्हा सिस्टर पायऱ्या उतरून खाली आल्या, पुढच्या रांगेतून शांतपणे फिरल्या, आणि डॉक्टरांच्या हातातल्या बादलीत वाकून बघत म्हणाल्या, "बादल्या छान आहेत. पण डॉक्टर, दुकानाची किमतीची चिठ्ठी राहिली की वर." मोर्चातलीच माणसं आधी हसली. पाणी शेवटपर्यंत सारखंच राहिलं. त्या वर्षी खालच्या वस्तीतून इस्पितळात येणारे जुलाबाचे रोगी कमी झाले, आणि ते आकडे डॉक्टरांनी स्वतः मागवून घेतले होते, खोडून काढण्यासाठी. खोडता आले नाहीत. ते टेबलावर तसेच पडले होते आणि त्यांच्याकडे बघताना डॉक्टरांना जे वाटलं त्याला काय म्हणावं ते त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. आज या दवाखान्यात, लवंगेच्या तेलाच्या वासात, उघड्या तोंडावर वाकलेले असताना त्यांना वाटलं, तो आनंद असावा. आपल्याला हरवणारं माणूस बरोबर निघाल्याचा, कुणाला न सांगता येणारा आनंद.

आणि हेच जड होतं. स्तुती करणं अवघड असतं तर बरं झालं असतं. तब्येतीचं निमित्त सांगून मोकळं होता आलं असतं. पण गेले कित्येक दिवस, सिस्टर पुन्हा उभ्या राहणार नाहीत हे जाहीर झाल्यापासून, डॉक्टर मनातल्या मनात त्यांच्याविषयी चांगलंच बोलत होते. आंघोळ करताना, गाडी चालवताना. वाक्यं आपोआप जुळायची. रात्रपाळीच्या कामगारांसाठी पहाटेची बस त्यांनी सुरू केली, आणि पहिल्या आठवड्यात स्वतः त्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून फिरल्या, कोण कुठे चढतं ते बघायला. कचरा उचलणाऱ्यांना हातमोजे मिळाले, पण आलेला पहिला माल वाटण्याआधी त्यांनी त्यातले मोजे घालून एक सबंध सकाळ गाडीवर काम केलं, आणि दुपारी सभागृहात हाताला आलेले फोड दाखवून म्हणाल्या, हा माल परत पाठवा. ही वाक्यं मनात उठली की डॉक्टरांना बरं वाटायचं, आणि लगेच कुठून तरी एक गार झुळूक यायची. ती बरोबर होती तर मग समोरच्या बाकावर बसून मी काय केलं? तिच्या सगळ्या गोष्टीतला मी कोण? आणि हा प्रश्नही वरवरचाच होता. त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, दाढेच्या मुळाशी असतं तसं. वरून दाढ पांढरीशुभ्र दिसते, टिचकी मारली की मात्र माणूस खुर्चीतून उठतो. आज चिटणीसांनी ती टिचकी मारली होती.

दुपारी ते घरी जेवायला गेले. लेक त्या दिवशी घरीच होती. छापखान्यातलं काम तिने हल्ली घरून करायला घेतलं होतं, आणि जेवणाच्या टेबलावर अर्ध्या भागात ताटं आणि अर्ध्या भागात तपासायची मुद्रितं अशी वाटणी झाली होती. त्यांनी तिला फोनचं सांगितलं. तिने पेन्सिल कानामागे खोचली आणि त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"मग? काय बोलणार?"

"जे खरं आहे ते."

"कुठलं खरं, बाबा?"

ते भाजीत चमचा फिरवत राहिले. तिने आणखी हलक्या आवाजात विचारलं, "आईचं बोलणार?"

"ते कशाला बोलू? त्याचा काय संबंध?"

"काही नाही," ती म्हणाली. "मी आपलं विचारलं." आणि पेन्सिल काढून पुन्हा मुद्रितात तोंड खुपसून बसली. तेवढ्यात पक्षाच्या अध्यक्षांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच होती. निवडणूक तोंडावर आहे, ते म्हणाले, आणि आपलाच नेता त्यांच्या व्यासपीठावर चढून गोडवे गायला लागला तर आपण मतं कशावर मागायची? ताप आला म्हणून सांगा. डॉक्टर म्हणाले, ताप आलेला नाही. मग दात दुखतोय म्हणा, अध्यक्ष म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो ते ध्यानात येऊन स्वतःच हसले. हसणं संपल्यावर मात्र आवाज कोरडा झाला. "डॉक्टर, त्या बाईंवर अविश्वासाचा ठराव तुम्हीच आणला होता. लोक विसरलेले नाहीत. तोच माणूस आज हार घेऊन उभा राहिला तर हसं कुणाचं होईल?"

ठराव. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि ताट बाजूला सारलं. नदीवरचा जुना पूल सिस्टरांनी बंद केला त्यावरचा तो ठराव. शहर नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं, बाजार आणि दवाखाने या काठाला, नगरपालिकेचं मोठं इस्पितळ त्या काठाला, आणि मध्ये हा एकच जुना दगडी पूल. दुसरा पूल होता तो पार शहराबाहेर, कारखान्यांच्या पलीकडे. एका सकाळी सिस्टर पुलाच्या खांबाखाली होडीतून जाऊन आल्या, त्यांनी एका भेगेत आपला हात मनगटापर्यंत घातला, आणि दुपारी पुलाच्या दोन्ही तोंडांना अडथळे लागले. अभियंत्यांचं म्हणणं, आणखी काही वर्षं निघतील, फार तर जड वाहनं बंद करा. व्यापारी खवळले. सिस्टर म्हणाल्या, "हात बाहेर काढल्यावर माझी झोप गेली. तुम्ही कुणी घालून बघा, आणि मग मला सांगा पूल उघडा म्हणून." कुणी घातला नाही. पूल मात्र पडला नाही. महिनेच्या महिने तो तिथे रिकामा, ताठ, उन्हात तळपत उभा राहिला आणि सगळं शहर वळसा घालून जाता-येता त्याच्याकडे बघून सिस्टरांना शिव्या देत राहिलं. पूर आला, तरी पडला नाही. पोरं त्याला सिस्टरांचा रोगी म्हणायला लागली. धडधाकट आहे, पण सुट्टी मिळत नाही. शेवटी तो उतरवला आणि त्याच जागी नवा बांधला. जुना किती दिवस टिकला असता ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. ठरावाच्या चर्चेत डॉक्टरांनी नेमकं तेच धरलं होतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण त्यांनी त्या दिवशी केलं. उभ्या पुलाकडे बोट दाखवून ते म्हणाले होते, महापौरांच्या शहाणपणाचं स्मारक तिथे उभं आहे, ते पडायचं नाव घेत नाही. सभागृह बाकं वाजवत होतं. सिस्टर उत्तराला उठल्या आणि म्हणाल्या, "पूल पडला नाही म्हणून मी चुकले असं ठरत असेल, तर ठरू दे. पडला असता तर मी बरोबर ठरले असते. तसलं बरोबर ठरणं मला नको." आणि खाली बसल्या. ठराव अगदी थोडक्या मतांनी पडला. डॉक्टर दात काढायचे; वेळेत काढलेला दात पुढे काय करणार होता हे दाखवता येत नाही, आणि रोगी पैसे देताना कुरकुरतो, हे त्यांच्याइतकं त्या सभागृहात दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? त्यांना त्याच क्षणी पटलं होतं. पटूनही त्यांचा हात ठरावाच्या बाजूने वर गेला, आणि तो खाली घेताना त्यांना स्वतःच्या हाताचं वजन जाणवलं होतं.

दवाखाना दुपारनंतर बंद ठेवून ते चालत निघाले. भाषणाचे मुद्दे सुचतील असं त्यांनी स्वतःला सांगितलं, पण पाय नदीकडे वळले. काठावर कपड्यांच्या, भांड्यांच्या, चष्म्यांच्या दुकानांची रांग. नव्या पुलाच्या रुंद पदपथावरून शाळेतली मुलं कलकलाट करत चाललेली. कठड्याला टेकून दोन कॉलेजातली पोरं एकाच फोनमध्ये डोकं घालून उभी. पदपथ एवढा रुंद हवा म्हणून सिस्टर ठेकेदाराशी भांडल्या होत्या. माणसं पुलावर नुसती जात नाहीत, थांबतात सुद्धा, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर थांबले. समोरच्या काठावर इस्पितळाच्या खिडक्यांवर ऊन पडलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खिडकी कुठली, ते त्यांना मोजावं लागलं नाही.

पूल बंद होता त्याच दिवसांत बायको तिथे होती. सकाळी दवाखान्याआधी आणि संध्याकाळी दवाखान्यानंतर ते गाडी काढायचे आणि कारखान्यांच्या पलीकडून वळसा घालून तिच्याकडे जायचे. नदीच्या या काठावरून ती खिडकी दिसायची, दिवा लागलेला दिसायचा, आणि त्या दिव्याकडे पाठ करून शहराबाहेर जायला लागायचं. रोज त्या वळणावर ते सिस्टरांशी मनातल्या मनात भांडायचे. मग एके दिवशी दुपारीच इस्पितळातून फोन आला, लगेच या. ते निघाले. कारखान्यांची पाळी सुटली होती, रस्ता ट्रकांनी भरला होता, आणि ते गाडीत बसून राहिले. काच खाली केली तर धूर आत येत होता, वर केली तर स्वतःचा श्वास ऐकू येत होता. समोरच्या ट्रकच्या मागच्या फळीवर कुणी तरी खडूने एक मासा काढला होता. त्या माशाकडे ते किती वेळ बघत होते? पुढे कधीही डोळे मिटले की आधी तो मासा यायचा, आणि मग बायकोचा चेहरा. खाटेभोवती पडदा ओढलेला होता. आत स्टुलावर सिस्टर बसल्या होत्या, कार्यालयातून उठून आलेल्या, आणि बायकोचा हात त्यांच्या हातात होता. त्या अधूनमधून यायच्या हे डॉक्टरांना बायकोकडून कळलं होतं. जुन्या सवयीने उशा सारख्या करायच्या, पाठीला पावडर लावायच्या, 'वहिनी, आज रंग बरा आहे हं,' म्हणायच्या. डॉक्टरांची गाठ टाळून यायच्या, म्हणजे सभागृहातलं भांडण खाटेपाशी यायला नको. त्या दिवशी गाठ पडली. सिस्टरांनी हळूच हात सोडवला, उठल्या, स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "मी होते. एकट्या नव्हत्या." मग गेल्या. डॉक्टर स्टुलावर बसले. स्टूल उबदार होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाची ऊब, जिथे आपली असायला हवी होती तिथे. ती ऊब त्यांना खालून अंगात चढताना जाणवली आणि ती कधी गेलीच नाही. ज्या बाईने रस्ता अडवला तीच त्यांच्या जागी बसली होती. तिचे आभार मानायचे की तिचा गळा धरायचा? पुढच्या महिन्यात त्यांनी ठराव आणला. कारण कुणालाच माहीत नव्हतं. पक्षाला वाटलं डॉक्टर दुःखातून कामाला लागले. माहीत होतं ते फक्त सिस्टरांना. आणि आज कठड्याला हात टेकून उभं असताना, पहिल्यांदाच, डॉक्टरांनी ती चर्चा तिच्या बाजूने आठवून बघितली. त्यांचं ते टाळ्या घेणारं भाषण चाललेलं असताना ती समोर बसली होती. एक वाक्य पुरलं असतं. यांची बायको गेली तेव्हा तिच्यापाशी मी होते, एवढं जरी ती म्हणाली असती तरी सगळं सभागृह खाली मान घालून बसलं असतं, आणि डॉक्टरांचं राजकारण तिथेच आटोपलं असतं. ती ते बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर निवडणुकीत नाही, कधीच नाही. पूल, पाणी, बस, हातमोजे ही सगळी कामं होती आणि ती लोकांना दिसत होती. ही एक गोष्ट कुणाला दिसली नव्हती. डॉक्टरांनी कठड्यावरचे हात काढले आणि ते परत फिरले.

सभागृह गच्च भरलं होतं. उभं राहायला जागा नव्हती म्हणून माणसं खिडक्यांत चढली होती. पहाटेच्या बसचे चालक गणवेशातच आले होते. इस्पितळातल्या परिचारिका एका रांगेत बसल्या होत्या आणि व्यासपीठाकडे बघून मोठमोठ्याने बोलत होत्या, जणू त्यांच्यातलीच एक वर बसली आहे आणि अजून ड्युटी संपायची आहे. सिस्टरांसाठी उंच पाठीची सजवलेली खुर्ची ठेवली होती. त्या बुटक्या, त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि त्या ते लहान मुलीसारखे हळूहळू हलवत होत्या. गुच्छ, मानचिन्ह, गाणं झालं. डॉक्टरांचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या बाजूला कुणी तरी शीळ घातली. ते माईकपाशी गेले. कोटाच्या खिशातलं टिपण बाहेर काढलं नाही.

"मला इथे का बोलावलं ते मला कळलेलं नाही," ते म्हणाले. "सवय नाही. या सभागृहात मी उभा राहिलो की या बाईंच्या विरुद्धच उभा राहिलो." लोक हसले. मग ते बोलत गेले. बादलीवरच्या चिठ्ठीचं त्यांनी स्वतः सांगितलं, आणि हशा ओसरल्यावर जुलाबाच्या रोग्यांचे आकडे सांगितले. हातमोजे सांगितले. पहाटेच्या बसचं सांगितलं तेव्हा चालकांनी टाळ्या वाजवल्या. "चांगल्या माणसाला विरोध करणं फार कठीण काम आहे," ते म्हणाले. "लबाड माणसासमोर आपण आपोआप मोठे होतो. यांच्यासमोर मला रोज अभ्यास करून यावं लागलं. माझ्या हातून या शहराचं काही बरं झालं असेल, तर ते यांना पकडायला म्हणून मी जे वाचलं त्यातून झालं." ते थांबले. इथपर्यंत त्यांनी ठरवलं होतं. इथे नमस्कार करून खाली बसायचं. पण पुढच्या रांगेत लेक बसली होती, तिची पेन्सिल अजून कानामागेच होती, आणि डॉक्टरांना कळलं की आपलं तोंड पुन्हा उघडतंय.

"मी एक ठराव आणला होता. जुना पूल बंद केला म्हणून. तेव्हा मी पुष्कळ बोललो. जे विचारायचं होतं तेवढंच विचारलं नाही. ते आज विचारतो. सिस्टर, पूल बंद करायलाच हवा होता. पण पलीकडे इस्पितळ होतं. आजाऱ्यांना आणि त्यांच्या माणसांना ने-आण करायला एखादी होडी का ठेवली नाहीत?"

हसू कुठेच उमटलं नाही. चिटणीस खुर्चीत अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. सत्काराच्या दिवशी असं कुणी विचारतं का, अशी कुजबुज खिडक्यांपर्यंत गेली. सिस्टरांचे पाय हलायचे थांबले. त्या खुर्चीतून खाली सरकल्या, हातातला गुच्छ खुर्चीवर ठेवला, आणि माईकची वाट न बघता, सभागृहात उत्तराला उठायच्या तशाच उभ्या राहिल्या.

"ठेवायला हवी होती," त्या म्हणाल्या. "सुचलंच नाही. मी स्वतः होडीतून भेग बघायला गेले होते, आणि तरी सुचलं नाही. लोकांना मरण्यापासून वाचवायच्या नादात, मरणाऱ्यापाशी पोचायचं असतं हे मी विसरले. आणि मी परिचारिका." त्यांचा आवाज जराही हलला नाही, पण त्या बसल्या नाहीत, डॉक्टरांकडे बघत उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे, डॉक्टर. नोंदवून घ्या."

परिचारिकांच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. डॉक्टरांना वाटलं होतं हे उत्तर मिळालं तर आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. किती वर्षं वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यांना दिसली ती एक थकलेली, बुटकी बाई, जिने आपल्याच गौरवाच्या दिवशी, मागितल्याबरोबर, एका श्वासात, काहीही न लपवता आपली चूक देऊन टाकली. असं करणारा दुसरा माणूस त्यांनी या शहरात बघितला नव्हता. आरशातही नाही.

"मग माझा ठराव," ते म्हणाले, "मी मागे घेतो."

आधी कुणाला कळलं नाही. मग म्हाताऱ्या नगरसेवकांपैकी एकाने बाक वाजवला, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता दोन्ही बाजूंची बाकं वाजायला लागली. पक्षाचे अध्यक्ष हाताची घडी घालून बसले होते. त्यांनी घडी सोडली नाही, पण उठूनही गेले नाहीत.

सगळं पांगल्यावर डॉक्टर गाडीपाशी आले तेव्हा सिस्टर फाटकाशी उभ्या होत्या. नगरपालिकेची गाडी त्यांनी दुपारीच परत केली होती, आणि घरी नेऊन सोडतो म्हणणाऱ्या सगळ्यांना त्यांनी डॉक्टर सोडणार आहेत म्हणून सांगितलं होतं, डॉक्टरांना न विचारता. लेक चिटणीसांच्या बायकोबरोबर परस्पर गेली होती. डॉक्टरांना संशय आला की तिने मुद्दामच तसं केलं. सिस्टर पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला, गुच्छ मांडीवर घेतला. गाडी पहिल्या चौकाशी आली. उजेड अजून होता, दुकानं उघडीच होती. सिग्नल लाल झाला आणि गाडी थांबली.

"एक विचारू?" डॉक्टर म्हणाले. पुढच्या काचेतून समोर बघतच म्हणाले. "त्या दिवशी. ती काय म्हणाली शेवटी?"

सिस्टरांनी त्यांच्याकडे मान वळवली. "बरं वाटेल असं सांगू, का खरं सांगू?"

"खरं."

"काही म्हणाल्या नाहीत. झोपल्या होत्या. दुपारपासून जाग नव्हती. मी हात धरला तोही त्यांना कळला नसेल."

"दाराकडे बघत नव्हती?"

"नाही हो, डॉक्टर. डोळेच उघडले नाहीत. तुम्ही वेळेवर पोचला असतात तरी त्यांना कळलं नसतं. तुम्हाला उशीर झालाय हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं."

डॉक्टरांचे हात चाकावर होते. इतकी वर्षं त्यांच्या मनात त्या खाटेवर ती दाराकडे बघत होती. रोज, कुठल्याही क्षणी, दवाखान्यात, सभेत, जेवताना, ती मान वळवून दाराकडे बघायची आणि ते ट्रकमागे अडकलेले असायचे. आता तिने डोळे मिटले. अगदी साधेपणाने मिटले, झोपताना मिटायची तसे. ते म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" सिस्टर म्हणाल्या. "आणि न विचारता सांगितलं असतं तर ते पूल बंद केल्याची सफाई दिल्यासारखं झालं असतं. वहिनींच्या मरणावर मी माझी सफाई देऊ?" त्यांनी गुच्छातलं एक सुटं झालेलं फूल पुन्हा आत खोचलं. "मग तुम्ही रागावलेले राहिलात तेच बरं, असं मी ठरवलं. माझ्यावर रागावता येत होतं तोपर्यंत तुम्ही रोज घराबाहेर तरी पडत होतात."

डॉक्टरांनी तोंड वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना बोलायचं होतं, पण ओठ नीट मिटेनात. भूल उतरायच्या आधी रोग्याचे होतात तसे ते कुणा दुसऱ्याचे झाले होते. मागे कुणीतरी भोंगा वाजवला, मग आणखी कुणीतरी. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता. बाजूने पुढे जाणारा एक जण काच खाली करून ओरडायला लागला, आणि आत कोण बसलंय ते बघून त्याने ओरडणं अर्ध्यावर सोडलं आणि हात वर केला. सिस्टरांनीही हात वर केला.

"चला," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "लोकांचा रस्ता अडलाय."